२१ दिवसांचं काय घेऊन बसलीस!

लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "२१ दिवस झाले, तरी पहाटे उठायची सवय लागत नाही. माझ्यात जिद्दच नाही." बाबा मध्येच बोलायला लागले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात, पण हा आकडा आला कुठून, माहीत आहे? मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. चेहऱ्याचं ते पहाटे उठण्याला कसं लागू व्हावं? आणि त्यातलं 'किमान' पुढच्यांनी गाळूनच टाकलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना एकेक नवी गोष्ट रोज करायला लावली होती. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तू मात्र एक रविवार चुकला की सोमवारी सगळंच सोडून देतेस.

आता जिद्दीचं. १९७१ च्या सुमारास व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याला हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातल्या फक्त पाचेक टक्क्यांना ते पुन्हा जडलं. तिथून निघण्यापूर्वी अमली पदार्थांची तपासणी व्हायची, तिचा धाक होताच. पण तेवढ्याने एवढा फरक पडला असेल असं मला वाटत नाही. बाकीच्या सगळ्यांची जिद्द विमानात बसताच वाढली, असं थोडंच आहे? जागा बदलली, सोबत बदलली, हात पुढे केला की पुडी मिळणं बंद झालं.

तुझी पुडी उशाशी असते. रात्री एकपर्यंत फोन बघायचा आणि पाचला उठता येत नाही म्हणून स्वतःला कोसायचं! पहाटेच्या मागे लागूच नकोस, आधी रात्र सुधार. 'फोन कमी बघेन' हा संकल्प कुचकामी, कारण तो नेमका कधी पाळायचा हेच त्यात नाही. 'दात घासून झाले की फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला' असं ठरव. दात तू रोज घासतेसच, त्यामुळे वेगळी आठवण ठेवावी लागणार नाही.

जुनी सवय मात्र पुसली जात नाही, दबून राहते. दमलीस, परीक्षा आली, कुणाशी भांडलीस, की ती डोकं वर काढणारच. तेव्हा घाबरू नकोस, दुसऱ्या रात्री फोन परत बाहेर ठेव.

पुढच्या महिन्यात खोली बदलते आहेस, ही संधी सोडू नकोस. नव्या जागी कुठल्याच सवयीने अजून ठाण मांडलेलं नसतं. सामान लावतानाच पलंग प्लगपासून लांब ठेव. फोनशिवाय गजर कसा लावू, असं विचारशील. कपाटात जुनं गजराचं घड्याळ पडून आहे, बाबांबरोबर पाठवते. टिकटिक जरा मोठी आहे, पण वेळ बरोबर दाखवतं.

तुझी,
आई