अंगणवाडीच्या बाईंना, तुमच्याकडे येऊन झोपणाऱ्या मुलीच्या आईकडून

बाई,

समोरासमोर बोलायला गेले की माझा गळा भरून येतो आणि तुम्ही 'जाऊ द्या हो' म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय. आणि चार लोकांनी वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

जुलै 2022. आमचे हे परांचीवरून पडून पाय मोडून बसले होते. तीन महिन्यांचं भाडं थकलं आणि मालकाने सामान गल्लीत काढून ठेवलं. पंधरा दिवस नणंदेकडे काढले, पण तिचीच दहा बाय दहाची खोली आणि सहा माणसं. मग मानखुर्दला पुलाखाली ताडपत्री बांधली. भर पावसात, साडेतीन वर्षांची पोर घेऊन. रात्रभर डोक्यावरून ट्रक जायचे. उंदीर फिरायचे, पिऊन आलेली माणसं रेंगाळायची. मी काठी घेऊन बसलेली आणि लेक मांडीवर टक्क जागी. उजाडायला लागलं की कुठे तिचा डोळा लागायचा.

तेव्हा ती एका खाजगी नर्सरीत जात होती. पोटाला चिमटा काढून फी भरली होती आम्ही. तिथे ती वर्गात झोपायला लागली, तर भिंतीकडे तोंड करून उभी केली. डायरीत शेरा आला, 'मूल वर्गात झोपते. पालकांनी लक्ष द्यावे.' मी जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यावर आठवड्याभरात नव्या पत्त्याचा पुरावा मागितला. भाडेकरार नाहीतर लाइट बिल. पुलाखाली राहणाऱ्या बाईकडे लाइट बिल मागताना त्यांची जीभ अडखळली नाही, हे मी अजून विसरलेले नाही. आणखी एका ठिकाणी गेले, तर 'तुम्ही आमच्या भागात येत नाही' म्हणून दारातूनच परत पाठवलं. नावं घेत नाही. पण माझी पोर आळशी नव्हती, दमलेली होती, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं.

मग शेजारच्या ताडपत्रीतली एक मावशी मला तुमच्याकडे घेऊन आली.

पहिल्याच दिवशी लेक आत गेली, भिंतीला टेकली आणि दोन मिनिटांत आडवी झाली. मी खिडकीबाहेर उभी होते. आता ओरडणार, म्हणून छातीत धस्स झालं. तुम्ही कपाटामागून चटई आणलीत, तिला उचलून त्यावर निजवलंत आणि तुमच्या पिशवीतल्या टॉवेलची घडी करून तिच्या डोक्याखाली दिलीत. तेवढ्यात पोरांची पावसाच्या गाण्याची वेळ झाली. तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, 'पाहुणी झोपलीय. आज गाणं नुसत्या ओठांनी म्हणायचं.'

बाई, ते गाणं मी कधी विसरणार नाही. वीस-बावीस पोरं हात हलवतायत, बोटांनी पाऊस पाडतायत, ओठ हलतायत आणि आवाज अजिबात नाही. एक बारका मधेच फिसकन हसला तर बाजूच्या पोरीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या लेकीच्या झोपेची इतक्या जणांनी काळजी घ्यावी, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. खिडकीच्या गजाला धरून मी रडले.

न्यायला आले तेव्हा मला वाटलं, आता विचाराल, कुठे राहता, रात्री काय करता. तुम्ही फक्त म्हणालात, 'उद्याही आणा.'

अकरा दिवस ती येऊन झोपली. बाराव्या दिवशी गाण्याच्या वेळी आपणहून उठून बसली.

पुढचं सगळं सांगत बसत नाही, पण घर-घर खेळायची ती गोष्ट सांगायलाच हवी. बाकीच्या पोरी भातुकली मांडायच्या आणि माझी लेक मांडलेलं सगळं फडक्यात भरून गाठ मारायची. रोज नुसतं बोचकं बांधायची. तुम्ही एकदाही तिला 'असं नाही खेळायचं' म्हणाला नाहीत. तुम्ही दारात बसून हाक मारायचात, 'पाहुणे आलेत, चहा मिळेल का?' मग तिला गाठ सोडून कपबशी काढावी लागायची. किती दिवस चाललं ते! एक दिवस तिने बोचकं बांधलंच नाही. त्याच सुमारास ती रात्रीही माझ्या कुशीत झोपायला लागली. पूल तोच होता, ट्रकही तेच. पण सकाळी तीच चटई, तेच गाणं, गरम खिचडी आणि त्याच बाई असणार, एवढं तिला पक्कं ठाऊक झालं होतं. आमच्याकडून तिला देता येईल असं पक्कं तेव्हा काहीच नव्हतं.

आणि त्या चार तासांत मला कामाला जाता आलं. आधी दोन घरच्या पोळ्या, मग चार. ह्यांचं प्लास्टर निघालं. संक्रांतीनंतर डिपॉझिट भरून खोली घेतली. लोक म्हणतात, अंगणवाडीत काय, खिचडी खातात आणि येतात. त्यांना सांगते, आमच्या डिपॉझिटचा पहिला रुपया त्या चटईवर जमला.

तुमच्या कपाटावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा फोटो आहे. त्यांनी 1945 मध्ये बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जायचं, हे तुम्हीच मला सांगितलंत. आम्हाला तर अंगणच नव्हतं. आणि बाई, तुमची अंगणवाडीही भाड्याच्याच खोलीत भरते, हे मला नंतर कळलं. भाड्याचे सरकारी पैसे रखडले की तुम्ही पदरचे घालता, हेही मदतनीस मावशींकडून कळलं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तुम्ही ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेला, पात्र आहात असा निकाल दिला, तरी तुमच्या हातात पडतं ते मानधनच. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा काही आयांनी कुरकुर केली. मी त्यांच्याशी भांडले. लेकरांना सावरणाऱ्या बाईला पगार मागायला रस्त्यावर बसावं लागतं, याची लाज आपल्याला वाटायला हवी, तुम्हाला नाही.

लेक आता शाळेत जाते. धाकटा झाला आहे, आठ महिन्यांचा. परवा तो झोपला होता आणि मी भांडी आपटत होते. लेक आली, ओठांवर बोट ठेवलं आणि पावसाचं गाणं नुसत्या ओठांनी म्हणत त्याच्याशेजारी बसली.

रविवारी जेवायला या. मावशींनाही आणा. पत्ता लेक स्वतः लिहून देणार आहे, तुम्हाला शाळेच्या वहीत लिहिलेला दाखवायचाय म्हणते.

तुमची,
पाहुणीची आई