स्लॅलम स्की बदलताय? आधी वजन आणि बोटीचा स्पीड सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी इथे मिनेसोटात रोज सकाळी चहाबरोबर ऑनलाइन वाचतो. परदेशातल्या वाचकांच्या पानावर गणपती, दिवाळी, मंडळाची नाटकं हे सगळं येतं आणि यायलाच पाहिजे, पण इथल्या मराठी घरांचा अख्खा उन्हाळा तळ्यावर जातो त्याबद्दल कधी एक ओळ दिसत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण जागा द्यावी ही विनंती.

झालंय असं की बर्फ वितळायला लागला की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो, जुनी स्लॅलम स्की, म्हणजे बोटीमागे पाण्यावर चालवायची एकटी स्की, बदलायची आहे, कुठली घेऊ? आणि खाली पटापट कंपन्यांची नावं पडतात, रडार घे, एचओ घे, कॉनेली घे, डी-थ्री घे. विचारणाऱ्याचं वजन किती, बोट किती स्पीडला चालते, तळं उघडं आहे की स्पर्धेसारखा कोर्स लावलाय, गुडघे कसे आहेत, हे कोणीच विचारत नाही. मग माणूस जाहिरातीत चॅम्पियनच्या पायात दिसलेली स्की मागवतो आणि पाण्यातून उठता उठता त्याची कंबर आणि हात भरून येतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण दोष त्या माणसाचा नसतो आणि स्कीचाही नसतो, दोघांची जोडी चुकलेली असते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे दल लेकवर फिरायला गेलेल्यांनी वॉटर स्कीइंग बघितलं असेल, बोटीच्या मागे दोरी धरून दोन पायांत दोन स्की. स्लॅलममध्ये स्की एकच, दोन्ही पाय एकामागे एक त्याच स्कीवर. स्पर्धेत २५९ मीटरचा कोर्स असतो, बोट मधून सरळ जाते आणि स्कीवाल्याने दोन्ही बाजूंचे मिळून ६ बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे खुणेचे गोळे, बाहेरून वळसा घालून पार करायचे, बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटर लांब. पुरुषांसाठी बोटीचा जास्तीत जास्त स्पीड ताशी ५८ किलोमीटर, म्हणजे ३६ मैल, बायकांसाठी ५५. तेवढा स्पीड गाठला की पुढे स्पीड वाढवत नाहीत, दोरी आखूड करत जातात, १८.२५ मीटरवरून १६, १४.२५, १३, १२ असं. वरच्या लेव्हलला दोरी ११.५ पेक्षाही आखूड होते, म्हणजे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही, उरलेलं अंतर माणसाने आडवं होऊन अंगाने आणि एका हाताच्या लांबीने भरून काढायचं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या नेट स्मिथने ९.७५ मीटरच्या दोरीवर अडीच बोये घेऊन विक्रम केला होता, म्हणजे पावणेदोन मीटरची तूट अंगाने भरली. त्या माणसाला जी स्की लागते ती त्या कामासाठी बनवलेली, अरुंद, कडक आणि फास्ट. आपण रविवारी सकाळी पाणी शांत असताना २८-३० मैलांनी दोन फेऱ्या मारणार, तर आपलं काम वेगळं आहे.

आणि वॉटर स्कीइंगचा हा खेळ जन्मला तो इथेच हे आपल्या लोकांना फारसं माहीत नसतं याचंही वाईट वाटतं. १९२२ च्या जुलैमध्ये लेक सिटी गावच्या राल्फ सॅम्युअलसन नावाच्या १८ वर्षांच्या पोराने लेक पेपिनवर, म्हणजे मिसिसिपी नदी जिथे पसरून तळ्यासारखी होते तिथे, पहिल्यांदा पाण्यावर स्की केली. आधी पिंपाच्या फळ्या बांधून बघितल्या, मग बर्फातल्या स्की, काही जमेना, शेवटी पाइनच्या ८ फुटी फळ्या आणल्या, टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. टोकं पाण्याच्या वर ठेवून मागे रेलायचं हे जमलं तेव्हा तो उभा राहिला. शंभर वर्षांपूर्वीची ती गोष्ट आजही तशीच लागू आहे, स्कीचं टोक वर आणि फळीला पुरेसा रुंदावा, नाहीतर पाणी तुम्हाला उचलत नाही.

आता मुद्द्यावर येतो. पाणी स्कीला जी उचल देतं ती स्पीडच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने बदलते, म्हणजे तीच स्की ३६ मैलांऐवजी २८ ला चालवली तर उचल साधारण ६० टक्केच उरते. अरुंद स्की मग पाण्यात बुडून चालते, पुढे पाणी ढकलत राहते, आणि तो सगळा भार हातांवर, पाठीवर, मागच्या मांडीवर येतो. म्हणून २६ ते ३२ मैलांच्या माणसाने मधून थोडी रुंद स्की घ्यावी, जवळपास सगळ्या कंपन्या आता अशा रुंद स्की काढतात आणि त्या काही नवशिक्यांच्या नाहीत, त्यावर पन्नाशीतली माणसं झकास वळणं घेताना मी बघतो. पाण्यातून उठणंही सोपं जातं, आणि बोटीचं इंजिन लहान असेल तर हा फरक फारच जाणवतो.

लांबीचं म्हणाल तर मोठ्यांच्या स्की साधारण ६५ ते ६९ इंचांत येतात. ढोबळमानाने १५० ते १८५ पौंडाला ६७ इंच, पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा आणि त्या तक्त्यात वजनाच्या जोडीला स्पीड लिहिलेला असतो, तो रकाना लोक वाचतच नाहीत. दोन साइजच्या मध्ये असाल आणि स्पीड कमी असेल तर मोठी घ्या. बायकांसाठी वेगळी म्हणून जी स्की विकतात ती रंगावरून घेऊ नका, तिथेही वजन आणि स्पीडच बघायचा. पोरांना एकदम स्लॅलम घेऊन देऊ नका, दोन स्कीचा जो कॉम्बो सेट मिळतो त्यातल्या एका स्कीवर मागचा पाय घालायला जादा पट्टा असतो, पोरगं दोनावर उठतं आणि सावरलं की एक सोडून देतं. दोन-तीन उन्हाळे तेवढ्यावर मजेत जातात.

कार्बनचा फार बोलबाला आहे. कार्बनची स्की हलकी आणि कडक, बोटीमागची लाट ओलांडताना झपकन पलीकडे जाते, पण ती ताकद वापरता यायला अंगात लय आणि बोटीला स्पीड दोन्ही लागतं. फायबरग्लास किंवा मिश्र बांधणीची स्की थोडी लवते, चूक पोटात घेते, कमी स्पीडला वळायला बरी पडते. वरच्या दर्जाची स्की एकटीच दीड-दोन हजार डॉलरच्या घरात जाते आणि ती बऱ्याचदा बाइंडिंगशिवाय, म्हणजे पाय अडकवायच्या बुटांशिवाय असते, हे पार्सल उघडल्यावर कळून उपयोग नाही. रॉकर, म्हणजे स्कीचा उभा बाक, जास्त असेल तर वळण सोपं पण चाल मंद, कमी असेल तर उलटं. खालचा टनेल (तळाची खोलगट पन्हळ) आणि कडेचा बेव्हल (तिरका उतार) यावर तासन्‌तास बोलणारे लोक भेटतील, उघड्या तळ्यावर स्की करणाऱ्याने त्यात डोकं शिणवायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याआधी, जुनी स्की खरंच बदलायची आहे का ते बघा. नुसती वीस वर्षांची झाली म्हणून स्की वाईट होत नाही. स्की उलटी करून गुडघ्यावर घ्या आणि कलिंगड घेताना वाजवतो तशी बोटाने ठोकत टोकापासून शेपटीपर्यंत जा, एखाद्या ठिकाणी आवाज पोकळ आला किंवा अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागलं तर आतला फोम सुटलाय. मग बाइंडिंगचे स्क्रू काढून भोकं बघा, तिथूनच पाणी आत जातं, भोकाभोवती केसासारखी चीर दिसली किंवा स्क्रू फिरतच राहिला, घट्टच होत नाही, तर ती स्की संपली. कडेला धक्क्याचे टवके असतील तर ते इपॉक्सीने भरून घासता येतात, त्यासाठी नवी स्की नको.

बाइंडिंगबद्दल मात्र कळकळीने सांगतो. गॅरेजच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेल्या स्कीचे रबरी बूट घोट्यापाशी चिकट होतात किंवा तडकतात, शिवणीपाशी ताणून बघितलं की आतलं कापड दिसतं. असा बूट पडताना कधी सुटेल आणि कधी सुटणार नाही याचा भरवसा नाही. सगळ्यात वाईट पडणं ते, ज्यात एक पाय सुटतो आणि दुसरा अडकून राहतो, लांब स्की एकाच घोट्याला पिळते, आणि घोटा मोडतो, स्नायू फाटतो. म्हणून बजेट कमी असेल तर माझा सल्ला असा की जुनी स्की शाबूत असल्यास ती ठेवा आणि आधी बाइंडिंग नवीन घ्या. मागच्या पायाला पूर्ण बूट घ्यायचा की नुसता पट्टा, यावर दोन तट आहेत. पट्टा असला की पाण्यातून उठताना मागचा पाय मोकळा ठेवून नंतर आत घालता येतो आणि पडताना तो पाय पटकन निघतो, बूट असला की दोन्ही पाय एकजीव चालतात पण मग दोन्ही एकदमच सुटले पाहिजेत. रविवारच्या माणसाला मी पट्टाच सांगेन. जुनं बाइंडिंग नव्या स्कीवर लावणार असाल तर भोकांचं अंतर आणि स्क्रूचा आटा जुळतो का ते दुकानात आधी विचारा.

फिनचं शेवटचं सांगतो, कारण इथे लोक उगाच बिघडवून ठेवतात. शेपटीखालचं ते अॅल्युमिनियमचं पातं एका खाचेत स्क्रूने बसवलेलं असतं आणि त्याची लांबी, खोली आणि शेपटीपासूनचं अंतर कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, खोली साधारण अडीच इंच असते आणि त्यात कागदाच्या जाडीएवढा फरक केला तरी वळताना पायाला कळतो. कंपनीने दिलेले आकडे लिहून ठेवा, फिन तिथेच ठेवा आणि निदान अर्धा उन्हाळा हात लावू नका. पुढच्या पायाची टाच शेपटीपासून किती इंचांवर हेही लिहून ठेवा, मोठ्या स्कीवर साधारण २९-३० इंचांच्या आसपास येतं. फिनवर जी लहान आडवी विंग असते ती बोयाच्या आधी वेग कमी करायला असते, कोर्स नसेल तर ती काढून ठेवली तरी चालते. आणि नव्या स्कीबद्दल मेमध्ये मत बनवू नका हो, आमच्याकडे तेव्हा पाणी इतकं गार असतं की तीच स्की जुलैत वेगळीच वाटते.

विकत घ्यायची घाई नको. चांगली दुकानं ट्रायलला डेमो स्की देतात, मित्राची मागून घ्या, दोन-तीन वेगळ्या रुंदीच्या स्की आपल्याच बोटीमागे, आपल्याच स्पीडला चालवून बघा. सप्टेंबरच्या आसपास नवीन मॉडेल आली की आदल्या वर्षीची तीच स्की बऱ्यापैकी स्वस्त होते, रंग बदललेला असतो, साचा पुष्कळदा तोच.

संपादक महाशय, आमच्यासारखी कुटुंबं आता मिनेसोटात आहेत, फ्लोरिडात, टेक्ससमध्ये आहेत, पुण्या-नाशिकहून आईवडील उन्हाळ्यात येतात आणि नातवंडांना पाण्यावर बघून घाबरतातही. आजी-आजोबांनी बोटीत बसून दोन गोष्टी जरूर बघाव्यात, पोराच्या अंगात मापाचं, बकल लावलेलं लाइफ जॅकेट आहे का, आणि चालवणाऱ्याशिवाय सतत मागे बघणारा दुसरा माणूस बोटीत आहे का. आमच्या राज्यात तर कायद्यानेच एकतर असा माणूस किंवा मोठा आरसा लागतो, पण आरशावर भागवू नका, माणूसच असू द्या. या विषयावर तुमच्या क्रीडा पानावर एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लेख लिहून घेतलात तर मे महिन्याच्या आत छापा, कारण खरेदी तेव्हाच होते.

आणि जे वाचक नवी स्की घेऊन जुनी विकायला काढतील त्यांना एक विनंती, जाहिरातीत बाइंडिंगची खरी अवस्था लिहा, जवळून फोटो टाका, आणि बूट फाटलेला असेल तर तो काढून टाका आणि नुसती स्की विका. घेणारा बहुतेक वेळा नवखाच असतो आणि त्याला ते बघून कळणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, मिनेसोटा