कॅमेऱ्याच्या फिल्म रोलसाठी हाताने तपासणी हवी

विमानतळांवर हातातील बॅगा तपासणाऱ्या नव्या सीटी स्कॅनरविषयीची आपल्या अंकातील बातमी वाचली. लॅपटॉप बॅगेतच ठेवून तपासणी होणार, ही सोय चांगलीच. पण कॅमेऱ्यात फिल्म वापरणाऱ्यांचा एक तोटा बातमीत राहून गेला. साध्या एक्स-रे यंत्रातून २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) रोल एकदोनदा गेला तरी सहसा बिघडत नाही. सीटी स्कॅनरमधून न धुतलेला रोल एकदा गेला तरी त्यावर धूसरपणा येऊ शकतो, असा इशारा फिल्म बनवणाऱ्या कोडॅकनेच दिला आहे. चेक-इनच्या बॅगेत ठेवण्याचाही उपयोग नाही, तिथली यंत्रे अधिक तीव्र असतात. क्ष-किरण अडवणाऱ्या शिशाच्या पिशवीचा आधार घ्यावा, तर पडद्यावर काळा डाग दिसताच बॅग बाजूला काढली जाते. आणि नुकसान कळते ते रोल धुतल्यावर. तोवर तक्रार करणार कोणाकडे?

अमेरिकेत प्रवाशाने विनंती केल्यास फिल्म हाताने तपासली जाते. आपल्याकडे अशी विनंती करायची म्हणजे मागच्या रांगेचे बोलणे खायची तयारी हवी. हौशी तरुण पुन्हा फिल्मकडे वळत असताना नवी मुंबई विमानतळाने तरी पुढाकार घ्यावा. डबीतून काढलेले रोल पारदर्शक पिशवीत वेगळे दिल्यास ते हाताने तपासले जातील, एवढा मजकूर ट्रे ठेवतात तिथे मराठीतून लावावा.

– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई