दहावीचं कौतुक पुरे, धाकट्या भावाचंही सांगा

मा. संपादक,

‘क्विक हील’ या अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक कैलास काटकर यांच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. दहावीनंतर शिक्षण सोडलं, हे मथळ्यातच. माझ्या पुतण्याने तेवढ्याच भागाचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘काका, मग डिप्लोमा कशाला?’ म्हणून हा पत्रप्रपंच.

काटकर मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. 1985च्या सुमारास ते पुण्यात महिना 400 रुपयांवर कॅल्क्युलेटर दुरुस्तीला लागले, तेव्हा मी कराडला तेच काम करत होतो. बँकेतलं कागदी रोळाचं कॅल्क्युलेटर नेमकं मार्चअखेरीला बंद पडायचं. कॅशियर डोक्यावर उभा, आणि आपण खोडरबराने पट्टीवरचे काँटॅक्ट घासतोय. काटकरांनी पहिला कॉम्प्युटर पाहिला तोही असाच दुरुस्तीला गेले असताना, एका बँकेत.

1990 नंतर फ्लॉपीतून व्हायरस फिरू लागले. त्यात एक ‘जोशी’ नावाचा होता. 5 जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करा म्हणायचं! आमच्याकडच्या एका पतसंस्थेचे मॅनेजर आडनावाने जोशीच. बिचाऱ्यांना वर्षभर टोमणे खावे लागले. आम्ही काय करायचो? फॉरमॅट मारायचा, म्हणजे डिस्क सगळी पुसायची, पैसे घ्यायचे. महिन्याभरात तेच मशीन परत. खरं सांगतो, परत आलं की बरंच वाटायचं.

काटकरांच्या दुकानातही तीच मशीनं यायची. त्यांनी मात्र धाकट्या भावाला, संजयला, व्हायरस काढायचं सॉफ्टवेअर लिहायला बसवलं. संजय तेव्हा मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकत होते, आणि ते शिकावं हा आग्रह थोरल्या भावाचाच. फी भरली ती दुरुस्तीच्या कमाईतून. आपल्या लेखात संजयना जेमतेम एक ओळ मिळाली आहे.

बाकी 1995 ची कंपनीनोंदणी, 2007 मध्ये कंपनीचं ‘क्विक हील’ असं नामांतर, 2010 मध्ये सिकोया कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने घातलेले 60 कोटी, हे सगळं लेखात आहेच. फेब्रुवारी 2016 मध्ये शेअर बाजारात आले त्याचंही वर्णन आहे. पहिल्याच दिवशी भाव 321 रुपयांच्या विक्री किमतीखाली बंद झाला, एवढं मात्र गाळलंय. का, ते आपणच जाणे.

पुतण्याला मी उत्तरादाखल संजय काटकरांची ती एक ओळ लाल पेनाने अधोरेखित करून पाठवली. दोन दिवस फोन नाही. काल संध्याकाळी दुकानात आला, कॉलेजची बॅग खांद्यावरच होती, आणि विचारलं, ‘मल्टिमीटर कुठे ठेवता?’

आपला,
एक जुना मेकॅनिक, कराड