भोंग्याचा तुरा

मिनेसोटा
संक्रांतीआधीचा रविवार

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "एवढ्या थंडीत कोंबड्या मरंनात कशा गं?" मी सांगायला लागले आणि नेट गेलं. परत कॉल लागला तेव्हा तुमच्याकडं नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात नळाला पाणी आलं की अमेरिकेतली लेकसुद्धा नंतर, हे मला माहीत आहे, त्यामुळं रागावले नाही. पण सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहूनच पाठवतेय. भाच्याला मोठ्यानं वाचायला लाव, म्हणजे आप्पांनाही ऐकू जाईल.

आधी थंडीचं सांगते. काल सकाळी उणे २४ होतं. तुला अंदाज यावा म्हणून सांगते, आपल्या फ्रीजमध्ये बर्फ होतो त्या कप्प्यात उणे १८ असतं. म्हणजे कोंबड्या उचलून फ्रीजरमध्ये ठेवल्या असत्या तर त्यांना जरा बरंच वाटलं असतं. तिकडं पारा १२ वर आला की तू आप्पांना कानटोपी घालतेस.

तर मरत का नाहीत? कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम. आपल्याला एवढा ताप आला तर रिक्षा बोलवावी लागेल. ती पिसं फुलवते, पिसांखाली हवा कोंडते, चोच पाठीत खुपसते आणि शेजारणीला चिकटून बसते. तिची गोधडी तिच्या अंगावरच असते. उघडे राहतात ते पाय आणि तुरा. पायांसाठी तुझ्या जावयांनी बसायला गोल दांडी काढून चार इंच रुंद सपाट फळी ठोकली, म्हणजे बोटं वळवून धरावी लागत नाहीत आणि पोटाची पिसं बोटांवर झाकण घालतात. तुऱ्याला मात्र काही झाकण नाही. आमचं रामायण तिथंच झालं.

कोंबड्याचं नाव भोंगा ठेवलंय हे तुला ठाऊक आहे. आप्पांच्या गिरणीच्या भोंग्यावर आपलं अख्खं घर उठायचं, तसा हा पहाटे साडेपाचला सुरू होतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपल्याकडं म्हणतात. इथं डिसेंबरात कोंबडं दोन तास बोंबलून दमतं तरी उजाडत नाही. आठाला दहा कमी असतात तेव्हा कुठं सूर्य डोकं वर काढतो. गावाच्या हद्दीत कोंबडा पाळू देत नाहीत. आम्ही हद्दीबाहेर आहोत म्हणून याचं निभावतं. तू पंचायत समितीतून आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणला होतास, तीच याची जात. अंग तांबूस-काळपट, शेपटीला हिरवी झाक आणि डोक्यावर उभा, पाच टोकांचा लालभडक तुरा. होता.

पहिल्या हिवाळ्यात मी जे केलं ते तुझ्याकडं बघून शिकलेलं केलं. आपल्या घरी शेवग्याखालच्या खुराड्याला तू थंडीत चारी बाजूंनी पोती लावायचीस, पिल्लांच्या डालग्यात साठचा बल्ब सोडायचीस. मी म्हटलं, इथं तर दसपट थंडी, मग दसपट बंदोबस्त. फट दिसली की कापूस, खिडकीला प्लॅस्टिक, दाराला पोतं. आत हात घातला की ऊब लागायची आणि मला वाटायचं, वा, माझी आई बघायला पाहिजे होती.

आठवड्यानं सकाळी दार उघडलं तर आतल्या भिंतींवर पांढरा थर. मीठ फासल्यासारखा. भोंगा फळीवर मान पाडून बसलेला आणि तुऱ्याची टोकं मेणासारखी पांढरी. मी काय केलं असेल? खोबरेल कोमट करून चोळलं! तुझीच लेक. दोन दिवसांत टोकं सुजली, मग जांभळी झाली, मग वाळलेल्या मिरचीसारखी काळी. गोठलेल्या जागेला चोळायचं नसतं आणि जाळाशीही धरायचं नसतं, आतलं मांस आणखी फाटतं. हे मला नंतर कळलं. पाचातली तीन टोकं महिन्याभरानं आपोआप गळून पडली. आता तो तुरा म्हणजे दात पडलेली फणी दिसते.

पलीकडच्या शेतावर एक म्हातारी आहे, सत्तरीपुढची, आयुष्यभर कोंबड्या पाळलेली. तिला बोलावलं. तिनं दार उघडून आधी नाक आत घातलं. अगदी तुझ्यासारखं, तूही खुराड्याशी गेलीस की आधी वास घेतेस. मग खालच्या भुशात मूठ घालून दाबली आणि म्हणाली, थंडीनं नाही मारत आहेस, ओलीनं मारतेयस. कोंबडी रात्रभर श्वास सोडते, विष्ठा टाकते, दोन्हीत पाणीच पाणी. ती वाफ वर जाते, बाहेर पडायला वाट नसली की तुऱ्यावर बसते आणि तिथंच गोठते. कोरड्या थंडीत कोंबडी टिकते, ओल्या थंडीत तुरा जातो. तिनं माझं प्लॅस्टिक स्वतःच्या हातानं टराटरा फाडलं. आता छपराला लागून दोन्हीकडं चार चार बोटं उघडं ठेवलंय, कोंबड्यांच्या डोक्याच्या वर. त्या बसतात त्या उंचीवर मात्र वाऱ्याची झुळूकसुद्धा येऊ द्यायची नाही. काल उणे २४ लाही ते उघडंच होतं. हात शिवशिवत होता बंद करायला, नाही केलं.

आई, मला तुझी मे महिन्यातली पोती आठवली. पारा ४३-४४ वर गेला की तू गोणपाट भिजवून खुराड्यावर टाकायचीस आणि दुपारी दोनदा परत पाणी शिंपडायचीस. चोच वासून धापा टाकणाऱ्या कोंबड्या त्या ओलीवर जगायच्या. तिथं जी ओल जगवते तीच इथं मारते. शेकोटीशी बसून तू मला म्हणायचीस, "कोंबडीला वारं लागू देऊ नगंस, पण कोंडूबी नगंस." मी त्यातलं पहिलं अर्धं तेवढं घेऊन आले होते.

आता तू विचारशील, दिवा का नाही लावत. इथं लाल, २५० वॉटचे मोठे दिवे मिळतात, पुष्कळ लोक लावतात. मला पटत नाही. खाली वाळका भुसा, हवेत पिसांची धूळ, वर तापलेला दिवा. ओळखीतल्या एकीचा गोठा गेल्या हिवाळ्यात अशाच दिव्यानं पेटला, काही वाचलं नाही. शिवाय बर्फाच्या वादळात वीज जाते, आणि उबेची सवय लागलेली कोंबडी तेव्हा एका रात्रीत आडवी होते. तुऱ्याला व्हॅसलीन लावावं का यावरून इथले लोक आपल्याकडच्या काळ्या मसाल्यावरून भांडावं तसं भांडतात. त्यानं काही होत नाही असं म्हातारी म्हणते. मी लावते. निदान आपण काहीतरी केलं एवढं समाधान.

आमच्या बाईला तर तेही लागत नाही. 'बाई' म्हणजे आमची पांढरी, गोलमटोल कोंबडी, शाँटक्लेर जातीची. कॅनडात क्वेबेकमधल्या ओका गावच्या मठातल्या एका साधूनं खास थंडीसाठी ही जात तयार केली, शंभरावर वर्षं झाली. तुरा बोटाच्या पेराएवढा, हनुवटीखालची लोंबती लोळी तर नसल्यासारखीच. म्हणजे गोठायला काही ठेवलंच नाही बाबानं. काळी आणि शेंगा या दोघी वायनडॉट जातीच्या, त्यांचा तुरा डोक्याला चिकटलेला. अडचण 'भाकरी'ची, ती लेगहॉर्न. तुरा इतका मोठा की डोळ्यावर पडतो. पाचवीचं नाव पोरांनी कुठल्यातरी कार्टूनवरून ठेवलंय, मला ते उच्चारता येत नाही.

भोंग्याला कोंबड्या पाचच, आणि एका कोंबड्यामागं निदान आठ-दहा तरी हव्यात. त्यानं भाकरीच्या पाठीवरची पिसं घासून घासून पाठ उघडी केली. उघड्या पाठीनं या थंडीत ती काय तग धरणार? मला वाटलं, सोलापूरची चादर कुणाच्या कामाला यायची! आपली ती मोरपंखी नक्षीची, कडा विरलेली चादर होती ना, तिचा वीतभर तुकडा कापून पंखांना इलॅस्टिक लावून झूल शिवली. काय रुबाबात फिरली दोन दिवस! तिसऱ्या दिवशी ती झूल पाण्याच्या भांड्याला लागली, सुती कापडानं सगळं ओढून घेतलं आणि सकाळी बघते तर कडक भाकरीसारखी कडक. वाकवली असती तर मोडली असती. आप्पांना हे सांगू नको, चादर कापली म्हणून आधी रागावतील. नंतर पोराच्या जुन्या रेनकोटची शिवली, ती चालतेय.

पाण्याचं म्हणशील तर पहिल्या वर्षी मी दिवसातून पाच वेळा बादली घेऊन जायचे, तासाभरात वर पापुद्रा धरायचा. आता खालून तापणारं भांडं घेतलंय, अरुंद तोंडाचं, कारण कोंबड्याच्या हनुवटीखालच्या लोळ्या पाण्यात बुडाल्या की त्याही गोठतात. अंडी दुपारपर्यंत राहिली तर आतून गोठून उभी तडकतात. पोरं शाळेतून आली की आधी अंडी, मग दप्तर.

अंडी तरी कुठं फार आहेत. कोंबडीला चौदा-पंधरा तास उजेड लागतो नीट अंडी घालायला. आपल्याकडं डिसेंबरात अकरा तासांचा दिवस असतो, म्हणून तुझ्या कोंबड्या पूर्ण थांबत नाहीत. इथं पावणेनऊ तास. भाकरी तेवढी आठवड्याला दोन-तीन देते, बाकीच्या बसून खातात. तुझे जावई म्हणतात टायमर लावून उजेडाचा बल्ब लावू. मी नको म्हटलं. पिसं झडून नवी आलीत, वर ही थंडी, जरा विसावा घेऊ देत. २०२५ च्या मार्चात इथं डझनाला सहा डॉलरच्या वर भाव गेला होता, तेव्हा मात्र माझंही मन डळमळलं होतं. तो भाव बर्ड फ्लूनं चढला. २०२२ पासून इथं त्याची साथ येते-जाते, रानटी बदकं आणि हंस तो घेऊन फिरतात, आणि आमच्या राज्यात टर्कीचे केवढाले फार्म. म्हणून खुराड्यात जायचे बूट वेगळे ठेवलेत, बाहेरच्या पाखरांना टाकलेलं दाणंही कोंबड्यांच्या अंगणापासून लांब.

दाण्यावरून आठवलं. पाखरांसाठी इथं पिशवीत मिळणारं मिश्र दाणं आणलं होतं. त्यातले तांबडे गोल दाणे चिमण्या टाकून द्यायच्या. एक उचलून दाताखाली धरला आणि बघतच राहिले. ज्वारी! इथं तिला मायलो म्हणतात, कॅन्सासकडं ढीगानं पिकते आणि जनावरांना घालतात. मालदांडीचा तो मोत्यासारखा दाणा नाही, तांबडी आहे, तुरट आहे, पण ज्वारीच. चिमण्यांना नको, तर मी मूठभर कोंबड्यांना टाकली. भोंग्यानं एक दाणा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला, टुक-टुक-टुक करून पाचहीजणींना बोलावलं आणि त्या खाईस्तोवर स्वतः मान वर करून उभा. हिवाळ्यात तो वाळतो तो यामुळंच. आता संध्याकाळी मक्याबरोबर तीही घालते. झोपायच्या आधी पोटात जड दाणं असलं की रात्रभर ऊब धरते.

दार साडेचारलाच लावावं लागतं, तेव्हाच अंधारतं. तिकडं तुला मुंगूस आणि घार, इथं रॅकून. मांजराहून थोराड, डोळ्यावर काळी पट्टी, आणि हात असे की साधी कडी आरामात काढतो. त्यामुळं कडीत कुत्र्याच्या साखळीचा हूक अडकवलाय. हातमोजे काढल्याशिवाय तो निघत नाही, आणि हातमोजे काढले की बोटं निघतील असं वाटतं.

बुधवारी सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता. संमती कट्ट्यावरची ती गर्दी, बाराबंदीतली माणसं, नंदीध्वज... इथून मोबाईलवर बघेन, आमच्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटलेली असेल. भोंग्याच्याही आधी उठावं लागेल. गड्ड्याच्या जत्रेत गेलीस तर पोरांसाठी काही घेऊ नको, त्यांच्याकडं खेळण्यांचा गड्डाच आहे.

एक काम मात्र कर. एप्रिलमध्ये काळी खुडूक बसेल असं दिसतंय. तुरा असा गोठला की कोंबड्याची अंडी काही काळ नीट फळत नाहीत म्हणतात, पण यंदा भोंग्याला नवीन काही झालेलं नाही, तेव्हा बसवून बघेन. पिल्लांना झाकायला डालगं हवं, आणि इथं सगळं मिळतं पण डालगं मिळत नाही. तुझे जावई म्हणतात नमुना दाखव, मी विणतो. भाच्याला सांगून आपल्या डालग्याचा फोटो पाठव. वरून नको, उलटं करून, कडेची वीण कुठून सुरू केलीय ते दिसेल असा. आणि काळीखाली अंडी किती ठेवू? तुझ्याकडं नऊ असायची का अकरा, आठवत नाही.

आप्पांना नमस्कार. कानटोपी घालायला लाव.

तुझी,
धाकटी