मंत्रीमहोदय, बाईंचं दार उघडत नाही

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,

स. न. वि. वि.

मी कादंबरीकार आहे. गेली तीन वर्षं एका शहराची गोष्ट लिहितो आहे. तिथे घराचं दार, औषधाची गोळी, पोरांची शाळा, रजा, कर्ज, सगळं यंत्र ठरवतं. याचा आमच्या खात्याशी काय संबंध, असं आपल्या स्वीय सहायकांना वाटेल. पत्र बाजूला सारण्याआधी सातवं प्रकरण तेवढं ऐका.

त्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या इमारतीचं दार किल्लीने नाही, चालीवरून उघडतं. वरचा कॅमेरा पावलं टिपतो आणि माणूस ओळखतो. बाई अनेक वर्षं उजवा पाय ओढत चालत आलेल्या. मग गुडघ्याचं ऑपरेशन होतं, पाय सरळ होतो. तीन आठवड्यांनी त्या ऐटीत घरी येतात आणि दार म्हणतं, ‘ओळख पटली नाही.’ तक्रार केली तर उत्तर चटकन येतं, तेही अगदी आदबशीर: आपली तक्रार तपासली, त्रुटी आढळली नाही. तपासणारं यंत्रही तेच. शेवटी बाई काय करतात? रात्री जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, बऱ्या झालेल्या पायाने पुन्हा लंगडायला शिकतात. एक पाऊल नीट, एक ओढत. अकराव्या खेपेला दार उघडतं.

हे लिहून मी स्वतःवरच खूश होतो. मित्राने हस्तलिखित वाचलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘यात नवीन काय?’ राग आला. मग जुनी कात्रणं काढून बसलो, आणि राग उतरला.

नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी मदत मिळते. तिथल्या करखात्याने संशयास्पद अर्ज हुडकायला एक गणिती प्रणाली लावली. अर्जदार परदेशी नागरिक असणं हीसुद्धा तिच्या लेखी धोक्याची खूण होती. एखादी सही राहिली, एखादा कागद कमी पडला, एवढ्यावरून हजारो कुटुंबांना सगळी मदत परत करायला सांगितली गेली. घरं मोडली. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याआधी पाच महिने, ऑगस्ट २०२० मध्ये, ब्रिटनमध्ये महासाथीमुळे परीक्षा रद्द झाल्यावर, बारावीसारख्या ए-लेव्हलच्या श्रेणी सूत्राने ठरवल्या गेल्या. सूत्रात शाळेचा जुना निकाल मोजला जाई. इंग्लंडमधल्या सुमारे ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या. मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सूत्र मागे घ्यावं लागलं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते ऑस्ट्रेलियाच्या प्रकरणाने. तिथे २०१६ पासून सरकारी भत्ता घेणाऱ्यांचं वर्षाचं उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखं वाटलं जाऊ लागलं. म्हणजे कुणी चार महिने काम केलं आणि उरलेले आठ महिने भत्त्यावर काढले, तर हिशेबात तो बाराही महिने कमावता. मग नोटीस: तुम्ही जादा भत्ता उचललात, पैसे भरा, नसेल तर कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या आणून दाखवा. यात बुद्धिमत्ता कृत्रिमसुद्धा नव्हती हो, नुसता भागाकार होता! २०२३ मध्ये चौकशी आयोगाने ही पद्धत ओबडधोबड आणि क्रूर ठरवली. ती न्याय्य नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असंही स्पष्ट म्हटलं.

माझ्या पहिल्या खर्ड्यात एक दुष्ट अभियंता होता. तो मी काढून टाकला. या तिन्ही प्रकरणांत तसा खलनायक सापडतच नाही. सापडतात ती नेमून दिलेलं काम करणारी माणसं, आणि खिडकीमागून येणारं एक वाक्य: ‘सिस्टीम घेत नाहीये, आमच्या हातात काही नाही.’ हे वाक्य मी कादंबरीत अनेक जणांच्या तोंडी घातलं आहे. एकही वाचक ते परकं म्हणणार नाही, याची खात्री आहे.

खिडकीमागचा माणूसही कमी छळत नाही, हे मान्य. यंत्र चिरीमिरी मागत नाही, जेवायला उठत नाही. पण त्या माणसाच्या छातीवर नावाची पट्टी असते, त्याच्या वर साहेब असतो, साहेबाच्या वर आपण असता. यंत्राच्या वर कोण, हे बाईंना कुणी सांगत नाही.

म्हणून मागणी फार मोठी नाही. यंत्राच्या निर्णयाने कुणाचा भत्ता, प्रवेश, कर्ज किंवा दार अडलं, तर कारण त्या माणसाला कळेल अशा भाषेत लेखी मिळावं, आणि तो निर्णय फिरवायचा अधिकार असलेला एक अधिकारी नावानिशी नेमलेला असावा. अधिकार असलेला, हे मुद्दाम लिहितो. नुसता ‘पुढे पाठवतो’ म्हणणारा नको. तो अधिकारी हरकत ऐकेपर्यंत भत्ता थांबवू नये. युरोपात पूर्णपणे यंत्राने घेतलेल्या मोठ्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागायची सोय २०१८ पासून नियमांत आहे. वागणुकीवरून माणसांना गुण देऊन त्यांची कोंडी करणाऱ्या यंत्रणांवर तिथे फेब्रुवारी २०२५ पासून बंदीही आहे. तेव्हा हे जमणारच नाही, असं कृपया कळवू नये.

या पत्राची पोच म्हणून आपोआप निघणारा संदेश येईलच. तो मी धरणार नाही. दोन ओळी चालतील, पण त्यांखाली कुणाची तरी सही हवी.

आपला,
एक कादंबरीकार