रुग्णाच्या किरणोत्साराचीही नोंद हवी

महोदय,

एक्स-रे विभागातल्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. अंगावर किती किरणोत्सार पडला, ते त्यावरून कळते. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीरावर पडलेला किरणोत्सार मोजण्याचे एकक) ही त्याच्यासाठीची आंतरराष्ट्रीय शिफारशीतली मर्यादा. रुग्णाला मर्यादा नाही आणि ते योग्यच आहे, उपचार अडता कामा नयेत. पण म्हणून हिशेबही ठेवायचा नाही? पोटाच्या एका सीटी स्कॅनची मात्रा छातीच्या शंभरेक एक्स-रेंइतकी भरू शकते. माझ्या आईचे तीन महिन्यांत तीन स्कॅन झाले. आधीच्या फिल्म पिशवीतच राहिल्या, कोणी मागितल्यासुद्धा नाहीत. सीटी यंत्र मात्रेचा आकडा पडद्यावर दाखवतेच. तो प्रत्येक अहवालावर छापणे सरकारने सक्तीचे करावे.

— एक वाचक